घरावर कर्ज काढून केलेला अल्बम

इमोजेन हीप हे नाव ऐकलेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर फार तर चार-पाच हात वर येतील. तिचा आवाज मात्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलाय. जेसन डेरुलोचं ‘व्हॉटचा से’ आठवतंय? २००९ साली बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकाला गेलेलं? त्यात यंत्राच्या पोटातून आल्यासारखं जे कुणी गातं, ती ही बाई.

जन्म १९७७चा, लंडनच्या पूर्वेकडचा. पहिला अल्बम ‘आयमेगाफोन’ १९९८चा. इंग्रजी अक्षरं उलटीपालटी केलीत तर त्यातून तिचंच नाव निघतं. पुढे तिच्या लेबलचाच, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचाच, कारभार आटोपला. मग गाय सिग्सवर्थ या संगीत-निर्मात्याबरोबर ‘फ्रू फ्रू’ नावानं २००२ साली ‘डीटेल्स’ केला. त्यातलं ‘लेट गो’ २००४च्या ‘गार्डन स्टेट’ सिनेमात वाजलं आणि लोक चौकशी करायला लागले. तोवर ही जोडी आपापल्या वाटेनं गेली होती.

दोनदा हात पोळल्यावर आपण काय केलं असतं? तिसरं लेबल शोधलं असतं. हिनं राहत्या फ्लॅटवर कर्ज काढलं. वर्षभरात अल्बम पुरा करायचा, अशी स्वतःलाच मुदत घातली. लेखन, चाली, प्रोग्रामिंग, मिक्सिंग सगळं स्वतः. एका गाण्यात तेवढी जेफ बेकची गिटार आहे. २००५ साली ‘स्पीक फॉर युवरसेल्फ’ आला, तिच्याच ‘मेगाफोनिक’ लेबलवर.

त्यातल्या ‘हाइड अँड सीक’ची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका संध्याकाळी तिचा कॉम्प्युटर बंद पडला. आपण असतो तर बत्ती बंद करून घरी गेलो असतो. काहीतरी केल्याशिवाय उठायचं नाही म्हणून तिनं हाताशी पडलेला डिजिटेकचा हार्मोनायझर घेतला, त्याला कीबोर्ड आणि माइक जोडला. पट्ट्या दाबाव्यात तसे एका गळ्याचे चार-पाच गळे होतात. ते तिनं मिनीडिस्कवर, म्हणजे छोट्या डिजिटल चकतीवर, टिपलं. ना ढोल, ना बेस, ना गिटार. त्याच वर्षी ते ‘दि ओ.सी.’ या अमेरिकन मालिकेत वाजलं आणि अल्बमला पाय फुटले.

पुढच्या ‘एलिप्स’साठी तिनं लहानपणीच्या घराच्या तळघरात स्टुडिओ उभारला. त्या अल्बमला २०१० साली ग्रॅमी मिळालं, तेही गायनाचं नव्हे, ध्वनिमुद्रणाचं. आमच्या मिक्सिंग टेबलामागच्या ध्वनिमुद्रकांच्या जमातीला याचं कौतुक जरा जास्तच. मग हात हलवून आवाज वळवणारे हातमोजे आले, २०११ साली ‘द ड्यूअरिस्ट्स’ या भारतीय संगीत-मालिकेसाठी विशाल-शेखरबरोबर केलेलं ‘माइंड्स विदाउट फिअर’ आलं. त्या हातमोज्यांवर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे इथल्या गाणाऱ्या पोरांनी लिहून घ्या. एक रचना, दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. लेबलशी करार करताना बहुतेक जण मास्टर देऊन मोकळे होतात. हिनं तो हातचा सोडला नाही. वितरणासाठी मोठ्या कंपन्यांना नुसता परवाना दिला. मास्टर तिच्याचकडे राहिला. त्याच २००५च्या अल्बममधलं ‘हेडलॉक’ टिकटॉकवरच्या पोरांनी उचललं आणि २०२५ साली ते बिलबोर्डच्या हॉट १००मध्ये शिरलं, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या त्या कर्जाची आठवण मला झाली.

बरं, मागचे दिवे जरा कमी करा. ‘हाइड अँड सीक’ लावतो. सव्वाचार मिनिटं लागतील, फोन तेवढे खिशात ठेवा.