जिन्यातून वर येणारी वायर

[दृश्य : वर्सोवा, पहाट. ओहोटी. चिखलात टेकलेल्या होड्या. जाळं सोडवणारे हात.]

वर्सोव्याचा हा किनारा. ओहोटीची वेळ. होड्या अजून चिखलातच आहेत.

कॅमेरा आत्ता जिथं उभा आहे, तिथून फार लांब नाही, वाळूखाली इंटरनेटच्या केबल पुरलेल्या आहेत. इंटरनेट कुठं स्वस्त, कुठं महाग, कुठं अडखळता का, हे इथूनच बघायला सुरुवात करू. वर खूण नाही, पाटी नाही. २०२३ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबल येत होत्या. त्या उतरत होत्या फक्त पाच शहरांत : मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. मुंबईतल्या बहुतेक केबल याच वर्सोव्याच्या पट्ट्यात वर येतात.

[दृश्य : टेबलावर केबलचा कापलेला तुकडा. क्लोजअप. एकेक थर उलगडताना.]

हा एका सागरी केबलचा तुकडा. बाहेर प्लास्टिकचं काळं आवरण. त्याच्या आत पोलादी तारांचा वेढा. त्याच्या आत तांब्याची नळी. आणि सगळ्यात आत, चिकट जेलमध्ये, काचेचे हे तंतू. एकेक तंतू जेमतेम आठवा हिस्सा मिलिमीटर जाड. प्रकाश त्यातून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. शंभरेक किलोमीटर गेला की तो क्षीण होतो, म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रं बसवलेली असतात. त्या यंत्रांना लागणारी वीज किनाऱ्यावरून, याच तांब्याच्या नळीतून जाते.

खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढीच असते. किनाऱ्याजवळ मात्र तिच्यावर पोलादाचा आणखी एक चिलखती थर चढतो, कारण इथं नांगर पडतात, जाळी ओढली जातात.

[दृश्य : फोर्ट, महात्मा गांधी रोड. विदेश संचार भवनाची इमारत, समोरच्या फुटपाथवरून.]

आत चित्रीकरणाला परवानगी नाही, म्हणून ही इमारत रस्त्यावरूनच बघू या. मुंबईला समुद्राखालच्या तारेची सवय जुनी आहे. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न नावाच्या प्रचंड जहाजानं मुंबई ते एडन तार टाकली, त्याच वर्षी लंडनचा निरोप काही तासांत मुंबईत यायला लागला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवातीच्या मोजक्या शहरांत मुंबई होतीच. टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या त्या किरकिरत्या आवाजासकट.

[दृश्य : नकाशा. मुंबईपासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरकणारी रेघ.]

वेगवेगळ्या देशांत इंटरनेटचे दर वेगवेगळे का, याचं पहिलं उत्तर इथं आहे. पूर्व आफ्रिकेकडे बघा. २००९ च्या जुलैपर्यंत केनिया, टांझानिया हे देश बाहेरच्या जगाशी उपग्रहावरून बोलत होते. उपग्रह महाग, आणि अंतर इतकं की प्रत्येक क्लिकला अर्ध्या सेकंदाची वाट. मग सीकॉम नावाची केबल आली. ती केनियात मोम्बासाला किनाऱ्याला लागते आणि इकडे मुंबईत! युगांडा, रवांडा यांना तर समुद्रच नाही. त्यांचा इंटरनेट शेजारच्या देशाच्या जमिनीवरून येतो आणि शेजाऱ्याचं भाडं बिलात चढतं. प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच केबल होती. जानेवारी २०२२ मध्ये समुद्रातला ज्वालामुखी फुटला, केबल तुटली, आणि पाच आठवडे देश जवळपास तुटलेलाच राहिला.

मुंबईला हे कारण लागू होत नाही. केबल इथं दारात आल्या आहेत. तरीही वर्सोव्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी नऊ वाजता व्हिडिओ अडकत का दिसतो? या फिल्मचा प्रश्न तो आहे. त्यासाठी समुद्र सोडून जिन्यात यावं लागतं.

[दृश्य : गिरगाव. चाळीची गच्ची. एका गच्चीवरून दुसरीवर गेलेल्या वायरींची गुंफण. कावळा.]

[थोडा वेळ फक्त आवाज. निवेदन नाही.]

गिरगावातल्या या गच्चीवरून गेलेल्या वायरी मोजायचा आम्ही प्रयत्न केला. सोडून दिला. यातल्या निम्म्या मेलेल्या आहेत. कोणीतरी टाकल्या, धंदा बंद केला, काढायला कोणी आलं नाही.

मुंबईत घरोघरी वायर पोचवण्याचं काम खऱ्या अर्थानं केलं ते केबलवाल्यानं. नव्वदच्या दशकात एक डिश, एक छोटी खोली आणि गच्च्यांवरून फेकलेल्या वायरी, एवढ्या भांडवलावर त्यानं टीव्ही दिला. पुढं त्याच वाटेनं त्यानं इंटरनेटची वायर टाकली. दिवाळीला पोस्त मागायला येणारा, गणपतीच्या वर्गणीत सही करणारा हा माणूस. मला त्याच्याबद्दल आदर आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. आज बहुतेक ठिकाणी तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी झाला आहे. पण गच्चीची किल्ली कोणाकडे असते, कुत्रं कोणत्या मजल्यावरचं चावतं, हे अजून त्यालाच माहीत.

[दृश्य : लाइनमन गच्चीच्या सावलीत बसलेले. मांडीवर स्प्लायसिंग मशीन. हातांचा क्लोजअप.]

हे लाइनमन दादा. वीस वर्षं या भागात वायर ओढतायत. आज वाऱ्यानं फायबर तुटलाय, जॉइंट मारायचा आहे.

आधी पिवळं आवरण सोलायचं. मग त्याखालचा पातळ थर. उरते ती नुसती काच. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या टिश्यूनं ती पुसायची, एकदाच, एकाच दिशेनं. नंतर क्लीव्हर. या छोट्या पात्यानं काचेचं टोक अगदी सरळ कापलं जातं. उडालेला तुकडा दादा चिमटीत धरून डबीत टाकतात. बोटात घुसला तर दिसत नाही, निघत नाही.

आता दोन्ही टोकं मशीनमध्ये. पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात. मशीन त्यांना आपणहून समोरासमोर आणतं. एक ठिणगी. काच वितळते, जुळते. दोनाची एक होते. आधीच ओवून ठेवलेली एक बारीक नळी जोडावर सरकवायची आणि तापवून घट्ट बसवायची. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

बाइट, लाइनमन : "हे बघा ताई, पॉइंट झीरो वन दाखवतंय. एवढा लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा उजेड, चालतो. पॉइंट वन-टू आला ना, की मी तोडून परत मारतो. नायतर रात्री फोन येतोच, दादा बफरिंग होतंय म्हणून. आणि फोन कंपनीला नाय येत, मला येतो."

हा एक फायबर पुढं एका डबीत जातो, स्प्लिटरमध्ये. तिथं त्याच्या बत्तीस वाटा होतात, कधी चौसष्ट. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट येतात. दुपारी अडीच वाजता ते भरपूर असतात. रात्री क्रिकेटची मॅच असली आणि कंपनीनं पुढची मुख्य लाइनही काटकसरीनं घेतली असली, की सगळ्या चाळीला एकदमच कळतं.

[दृश्य : मोबाइलवर काढलेली क्लिप. बुखारेस्ट. इमारतीचा जिना, भिंतीवरचा जुना बॉक्स, बाहेर खांबांवर लोंबणाऱ्या केबल.]

आता हे बघा. ही गिरगावची गच्ची नाही. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट. तिथं राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं फोनवर काढून पाठवलेली ही क्लिप.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या उंच, कोंदट सरकारी इमारतींमधल्या पोरांनी आपसात वायरी जोडल्या. गेम खेळायला, फाइली वाटून घ्यायला. मग सगळ्यांनी वर्गणी काढून एक इंटरनेट लाइन घ्यायची आणि जिन्याजिन्यात वाटायची. सरकारी टेलिफोनची तार कमकुवत आणि महाग होती, त्यामुळं तिची वाट बघत कोणी बसलं नाही. अशी इमारतींची शेकडो जाळी तयार झाली. पुढं मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली, तांबं काढून फायबर घातला. पण एकेका वस्तीत दोन-तीन कंपन्या आधीच पोचलेल्या होत्या, म्हणून दर चढवणं कोणालाच परवडलं नाही. आज तिथं एक गिगाबिटची लाइन महिन्याला दहा युरोंच्या आत मिळते.

अमेरिकेत, जिथं इंटरनेट जन्मला, साठ-सत्तर डॉलर सहज जातात. तिथं अनेक घरांना निवड एकाच किंवा दोन कंपन्यांत करावी लागते. टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा शहरात नगरपालिकेच्या वीज कंपनीनं २०१० मध्ये स्वतःच घरोघरी फायबर नेऊन गिगाबिट दिला. समुद्र त्या शहरापासून कितीतरी लांब आहे.

सुरुवात आपली आणि रुमानियाची सारखी होती. तेच जिने, त्याच गच्च्या, वायर ओढणारी तीच पोरं.

[दृश्य : जुन्या टेलिफोनचा काळा डबा, जिन्याखाली. तांब्याच्या तारांचे गंजलेले जोड.]

हा डबा बंद पडलेला आहे, पण त्याची गोष्ट सांगायला हवी. २००४ साली मुंबईतल्या लाखो घरांत टेलिफोनची तांब्याची तार पोचलेली होती. महानगर टेलिफोनची, म्हणजे लोकांच्या पैशानं टाकलेली. त्या वर्षी ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सरकारला शिफारस केली की ही तार इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्या. तार एक, दुकानं अनेक. सरकारनं ऑक्टोबर २००४ चं ब्रॉडबँड धोरण आणलं, त्यात ही सक्ती नव्हती.

फ्रान्सनं मात्र ही सक्ती केली होती. जुन्या कंपनीची तार नव्या कंपन्यांना ठरलेल्या भाड्यानं मिळायला लागली आणि २००२ मध्ये एका नव्या कंपनीनं महिन्याला २९.९९ युरो दर लावला. बाकीच्यांना त्याच्या आसपास यावंच लागलं. जपाननंही तेच केलं. २००१ मध्ये सॉफ्टबँक भाड्याच्या तारेवर आठ मेगाबिट देत होती. आपल्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ किलोबिट. पुढं २०१३ मध्ये ५१२ झालं. जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिट. अमेरिकेनं २०२४ मध्ये ही रेघ १०० मेगाबिटवर नेली.

[दृश्य : रात्र. रस्त्याचं खोदकाम. हॅलोजन दिवा. खड्ड्यात उतरलेला कामगार, नारिंगी पाइप.]

रस्ता खोदायचा तर महापालिकेची परवानगी, रस्ता पूर्ववत करायचं शुल्क, वाहतूक पोलिसांचा ना-हरकत, आणि पावसाळ्यात काम बंद. काच स्वस्त आहे, खड्डा महाग आहे. एकाच रस्त्यावर तीन कंपन्यांनी तीनदा खड्डा खणण्यापेक्षा एकदाच मोठा पाइप टाकून सगळ्यांना भाड्यानं द्यायला कोणाची हरकत आहे, हे आम्हाला शोधूनही सापडलं नाही. सिंगापूरनं जवळजवळ हेच केलं. घरापर्यंतचा फायबर एकाच संस्थेनं टाकायचा, आणि त्यावर सेवा विकायला अनेक कंपन्या.

[दृश्य : परळ. जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर. काचेचं प्रवेशद्वार. सुरक्षारक्षक. मग आतला केबल शाफ्ट, कुलूप लावलेला.]

आता हे कुलूप बघा. या टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर शाफ्ट आहे, त्यात वायरींसाठी भरपूर जागा आहे. कोणाची वायर आत येणार हे मात्र बिल्डर किंवा कमिटी ठरवते.

माझ्या स्वतःच्या सोसायटीत हेच आहे. कंपनी एकच. गेल्या पावसाळ्यात लाइन अकरा दिवस बंद होती. दुसरी कंपनी गेटपर्यंत येऊन परत गेली. कमिटीत विचारलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "एक आहे ना, मग दुसरी कशाला? भिंती खराब होतात." काका भले माणूस आहेत. वाईट हेतू नाही. पण त्या एका वाक्यानं चौऱ्याऐंशी घरांचा दर ठरतो.

हाँगकाँगमध्ये ही परवानगी कमिटीच्या मर्जीवर नाही. तिथल्या दूरसंचार कायद्यात परवानाधारक कंपनीला इमारतीच्या सामाईक भागात वायर टाकायचा हक्क मिळू शकतो. दाटीवाटीचे टॉवर तिथंही आहेत, पण तिथं त्या दाटीचा फायदा रहिवाशाला होतो. एका जिन्यात चारशे गिऱ्हाईकं, मग चार कंपन्या का नाही येणार? दक्षिण कोरियानं १९९९ मध्ये इमारतींना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. वायरिंग चांगलं असेल तर वरचा दर्जा, आणि बिल्डर ते जाहिरातीत मिरवायला लागले.

आपल्याकडे ट्रायनं इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारांकन द्यायचे नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणले. आणले हे चांगलं झालं. ते ऐच्छिक आहेत.

[दृश्य : लोकल. खिडकीशी मोबाइलवर अभ्यास करणारी मुलगी. फलाटावर मोबाइल बघणाऱ्यांची रांग.]

२०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडची नव्वद कोटींहून जास्त कनेक्शनं होती, त्यातली वायरवरची चार कोटींच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळी मोबाइलवर.

[दृश्य : पुन्हा गिरगाव, संध्याकाळ. चाळीची खोली. टीव्हीच्या वर छोटा पांढरा बॉक्स. लाल दिवा.]

दादांनी गच्चीवरचा जॉइंट मारून दोन तास झाले. आता खोलीतल्या बॉक्सची वायर बदलायची आहे. जुनी वायर उंदरानं कुरतडली होती. आजी विचारतात, चहा घेणार का. दादा म्हणतात, हात खराब आहेत, नंतर.

[दृश्य : लाल दिवा विझतो. हिरवा लुकलुकतो. स्थिर होतो. आजींचा चेहरा. फोनवर नातवाचा व्हिडिओ कॉल. निवेदन नाही.]

[दृश्य : लाइनमन जिना उतरताना. खांद्यावर वायरीचं वेटोळं, हातात शिडी.]

पुढची तक्रार ठाकूरद्वारची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गच्चीची किल्ली खालच्या वाण्याकडे आहे, आणि तो आठला दुकान बंद करतो.