आदली रात्र : खान्देशातला हिवाळा

(दृश्य : पहाटेचं धुकं. केळीच्या बागांमधून गावाकडे येणारा रस्ता. लांबून भोंग्याचा आवाज.)

रिक्षा येतेय. तिच्या टपावरचा भोंगा सप्ताह कधी बसणार ते सांगतोय. कीर्तनाला कोण महाराज येणार, काल्याचं कीर्तन किती वाजता, महाप्रसाद कुठल्या पटांगणात, सगळं सांगतोय. मार्गशीर्ष लागला की सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या आमच्या पट्ट्यात, यावल-रावेरच्या केळीच्या मुलखात, अशी एखादी तरी रिक्षा रोज फिरते. आज सप्ताह, उद्या रक्तदान शिबिर, परवा शाळेचं स्नेहसंमेलन, तेरवा कुस्त्यांची दंगल.

आमचं सगळं वर्ष या तीन-साडेतीन महिन्यांत गोळा होतं. कारण सरळ आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पावसाळ्यात जो तो शेतात. माणसाला माणसाशेजारी निवांत बसता येईल असा एकच काळ उरतो. खरीप घरात आलेला असतो, कापसाची वेचणी चालू असते, हातात दोन पैसे असतात आणि दुपारचं ऊन अंगाला बरं वाटतं.

भोंग्यावरून कार्यक्रमाची वेळ कळते. या छोट्या फिल्ममध्ये आम्ही तुम्हाला कार्यक्रमाच्या आदल्या रात्री घेऊन जाणार आहोत. माझ्या मते आमचं गाव खरं जमतं ते तेव्हा.

(दृश्य : शेतातला बांध. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग. हिरव्या वांग्यांचं क्रेट.)

सुरुवात भरितापासून. दुसरीकडून केली तर गावातले लोक मला विचारतील.

ही वांगी बघा. जांभळी नाहीत, पोपटी-हिरवी आहेत. एकेक वांगं हाताच्या पंजाला भारी. साल पातळ, आत बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यांसाठी नावाजलेलं आहे, तसंच जळगावजवळचं आसोदाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. चातुर्मासात कांदा-वांगं बंद ठेवणारी घरं अजून आहेत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्या घरांत वांगं परत येतं. मग शेताशेतांत भरिताचे बेत सुरू होतात.

भरीत गॅसवर होत नाही. होतं, पण ते आम्ही कुणाला वाढत नाही. कपाशीच्या काड्या लागतात. यंदाची पऱ्हाटी अजून शेतात उभी असते, म्हणून गेल्या साली बांधावर रचून ठेवलेली काडी काढायची. काड्यांचा जाळ भसकन पेटतो, वांग्याला सगळीकडून झटका देतो आणि लवकर विझतो. त्या धगीतच साल करपते, गर शिजतो, धुराचा वास आत उतरतो. जाळावरून काढलेलं वांगं देठाला धरायचं आणि साल हातानं ओढायची. बोटं भाजतात. शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, बोटं बुडवायची, पुन्हा ओढायची.

सोललेली वांगी बडगीत जातात. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं. आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घ्यायचा, मग त्यावर वांगी, आणि लाकडी मुसळीनं सावकाश ठेचत जायचं. ठेचणाऱ्याचा हात एका लयीत पडतो. मिक्सरमध्ये वांग्याचा चिकट लगदा होतो, बडगीत त्याचे रेषे राहतात. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद, खडेमीठ घालून एकत्र दळलेले. ताट म्हणून केळीचं पान.

शंभर माणसांचं भरीत करायचं तर वांगी आदल्या संध्याकाळीच तोडून, निवडून ठेवावी लागतात. काड्या आणाव्या लागतात, लसूण सोलावा लागतो. लसूण सोलायला बसलेल्या एका आजींना मी विचारलं, उद्या किती लोक येतील? त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाल्या, "जेवाले समदे येता रे भाऊ. काड्या आनाले कोन्ही येत नही."

ही फिल्म करायचं मी त्या वाक्यावर ठरवलं.

(दृश्य : गावाबाहेरचा मोकळा रस्ता. एकामागे एक उभ्या केलेल्या बैलगाड्या. टॉर्चच्या उजेडात दोर बांधणारे हात.)

चंपाषष्ठीला खान्देशात कितीतरी गावांत बारागाड्या ओढतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल न जुंपता बारा गाड्या एकमेकींना जोडायच्या, त्यांवर माणसं बसवायची, आणि नवसाचा, उपवासाचा भगत त्या ओढत नेतो. त्याच्या दोन बाजूंना आधाराला बगले असतात. भंडारा उधळला जातो, "येळकोट येळकोट" घुमतो आणि बघता बघता सगळं पार पडतं. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत.

आदल्या रात्रीचा व्हिडिओ मात्र मला कुठे मिळाला नाही. गावात पूर्वी घरटी गाडी होती. आता ट्रॅक्टर आहेत, आणि लाकडी चाकाच्या धड बारा गाड्या एका गावात मिळत नाहीत. आमच्याकडे तीन-चार गाड्या शेजारच्या गावांतून मागून आणतात. कुणाच्या गाडीचं धुरं हललेलं असतं, कुणाच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल झालेली. रात्री सुतारकाका एकेक चाक हलवून बघतात, आसाला वंगण देतात. दोराची गाठ तिघांनी तपासल्याशिवाय पुढची गाडी लावत नाहीत, कारण उद्या या गाड्यांच्या दोन्ही अंगांना लेकरं उभी राहणार आहेत. एका वर्षी आमच्याकडे घाईत बांधलेली एक गाठ सुटली. गाडी तिरकी झाली आणि थोडक्यात निभावलं. तेव्हापासून तिघांचा नियम आहे.

(दृश्य : तापीचं पात्र. तंबू, शेकोट्या, घोड्यांच्या रांगा.)

आता पश्चिमेला, तापीच्याच काठानं, नंदुरबार जिल्ह्यात. शहादा तालुक्यातलं सारंगखेडा. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला, यात्रा भरते. यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार, देशातल्या नावाजलेल्या बाजारांपैकी एक.

यात्रेच्या दिवशी गर्दीत घोडा नीट दिसतच नाही. आधी या. राजस्थान, गुजरात, पंजाबकडचे व्यापारी घोडे उतरवत असतात. लांबच्या प्रवासाने अवघडलेला घोडा ट्रकच्या फळीवरून खाली येतो, क्षणभर बिचकतो, मान झाडतो. मारवाडी घोडा कानांवरून लगेच ओळखू येतो, दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. जाणकार माणूस मात्र आधी भोवऱ्या बघतो. केसांची भोवरी कुठे आहे, मानेवर की पाठीवर, त्यावर शुभ-अशुभ ठरतं आणि किंमतही हलते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी. मग चाल बघायची. रेवाल चालीत स्वाराच्या हातातलं पाणी हिंदकळू नये म्हणतात.

रात्री शेकोटीपाशी हीच बोलणी चालतात. वऱ्हाडाकडून आलेला शेतकरी, मारवाडातला व्यापारी आणि शहाद्याचा चहावाला एकाच शेकोटीला हात शेकतात. भाषा तीन, विषय एक. इथली थंडी बोचरी असते, नदीकाठची. घोड्यांच्या पाठीवर झूल आणि माणसांच्या अंगावर गोधडी, दोघांची सारखीच काळजी घेतलेली.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मग आजचं फैजपूर.)

हिवाळ्यातल्या गावच्या कार्यक्रमांबद्दल बोलायचं आणि फैजपूरला थांबायचं नाही, हे मला जमणार नाही.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरणार होतं. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशन खेड्यात व्हावं आणि खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच उभं राहावं. मांडणीची जबाबदारी त्यांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना दिली. बांबू, चटया, गवत, दोर. अधिवेशनाच्या जागेचं नाव टिळकनगर. नेहरूंच्या मिरवणुकीचा रथ बैलांनी ओढला. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही मांडलं होतं.

इतिहासात ठराव नोंदले गेले, आणि ते महत्त्वाचेच आहेत. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम इथेच ठरला. पण मी त्या परिसरातून जातो तेव्हा माझ्या डोळ्यापुढे येतो तो आधीचा काळ. बांबू कुणी तोडले असतील, गाडीत कुणी भरले असतील, चटया कुणी विणल्या असतील, पाण्याची सोय कुणी बघितली असेल. देशभरातून माणसं येणार आणि उतरणार खेड्यात! त्या थंडीत या भागातल्या किती घरांतल्या चुली रात्रभर पेटत्या राहिल्या असतील. त्या हातांची नावं कुठल्याच फलकावर मावली नसती.

अमळनेरचंही तसंच. तिथे १९५२ मध्ये मराठी साहित्य संमेलन झालं होतं. त्यानंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत, २ ते ४ तारखेला, ९७ वं संमेलन भरलं. साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते हे गाव. मधली ७२ वर्षं गावानं वाट पाहिली.

(दृश्य : वाचनालयाची खोली. सतरंजी झटकणारी दोन मुलं.)

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला त्यामानानं लहान. सतरंज्या, एक माईक, पन्नास-साठ माणसं. ३ डिसेंबर हा बहिणाबाईंचा स्मृतिदिन. आसोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी, आणि शेतात, जात्यावर काम करता करता तिला ओव्या सुचत गेल्या. यंदा त्या दिवशी कविता म्हणायला मुलींनी नावं दिली आहेत. आजीकडून उच्चार घोटवून घेतायत, कारण "मला" म्हटलं की ओळ लंगडते, "मले"च म्हणावं लागतं. ती तालीम मी ओट्यावर बसून ऐकली. कार्यक्रम चांगलाच होईल, पण आजी नातीला चौथ्यांदा थांबवते आणि नात पाचव्यांदा म्हणते, ते त्या दिवशी मंचावर दिसणार नाही.

(दृश्य : रात्र. केळीच्या बागेच्या बांधावर धूर. मोटारीचा आवाज.)

सगळ्यांनाच आदल्या रात्री येता येतं असं नाही, हेही सांगायला हवं. पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. मग रात्री पाणी द्यायचं, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर धरायचा. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, आणि ज्याची पाळी रात्रीची, त्याची रात्र बागेतच जाते. म्हणून आमच्याकडे मंडळाची बैठक ठरवताना पहिला प्रश्न असतो, त्या आठवड्यात रात्रीची लाईट कुणाकुणाकडे आहे? त्यांची कामं इतरांनी वाटून घ्यायची. कुणी तक्रार करत नाही. पुढच्या आठवड्यात पाळी उलटी होते.

संक्रांत येईल, नंदुरबारकडे गच्च्या पतंगांनी भरतील. मग माघ. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगरची यात्रा. मुक्ताबाई आणि चांगदेव, चौदाशे वर्षांचा योगी आणि त्याची लहानगी गुरू. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ. खान्देशातून, वऱ्हाडातून, मध्य प्रदेशातून दिंड्या चालत येतात, आणि वाटेवरच्या गावांत मुक्काम करतात. आमच्या गावात एका दिंडीचा मुक्काम असतो. वारकऱ्यांच्या पायांवर ओतायला गरम पाणी तयार हवं. ते तापवायला दुपारपासून बंब पेटवावा लागतो.

(दृश्य : शाळेचं पटांगण. मोठ्या कढया. परातीत मळलेली कणीक. बायकांचा घोळका.)

शेवटी पुन्हा आमच्या सप्ताहाकडे. काल्याच्या दिवशी पंगत वरण-बट्टीची, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. जाडसर दळलेली कणीक, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. लांबट गोळे वाफेवर उकडायचे, गार झाले की कापायचे आणि तळायचे. गरम असताना कापले तर भुगा होतो, म्हणून थांबावं लागतं. त्या थांबण्यात गाणी होतात, सुनांची माहेरं निघतात, पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा वर्षभरानं काकूंच्या शेजारी बसतो आणि कांदे चिरतो. पहाटे तीनच्या सुमाराला पहिला घाणा उतरतो. तो देवापुढे जातो. दुसरा घाणा जागणाऱ्यांचा. कढईच्या कडेला उभं राहून, हातावर घेतलेली, फुंकर घालत खाल्लेली ती बट्टी.

तारीख रिक्षावाला सांगेलच. तुम्ही आदल्या रात्री या. आठ वाजता, शाळेच्या मागच्या पटांगणात. स्वेटर घाला, आणि येताना घरची विळी घेऊन या. वांगी पुष्कळ आहेत.