तीन भाषांच्या घरात उशिरा बोलणारं मूल

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं घर. अंगणात अडीच वर्षांचा मुलगा खेळण्यातली जीप उलटी धरून चाक फिरवतोय.)

बेळगाव, खानापूर, निपाणी. या पट्ट्यातल्या पोराच्या कानावर घरात मराठी पडते, बाजारात कन्नड, आणि बालवाडीत गेलं की ए फॉर ॲपल. त्यामुळे पोर बोलेना झालं की कारण तयारच असतं, ‘भाषांचा गोंधळ झालाय त्याचा.’ आजी म्हणते, ‘बोलंल की गं, त्याचा बाबा पण चौथ्या वर्षीच बोलला.’ दृष्ट काढून होते, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून होतो. वर्ष निघून जातं.

नवसाला आमची हरकत नाही. वर्ष जाण्याला आहे.

उशिरा बोलण्यामागे कधीकधी ऑटिझम असतो, म्हणजे स्वमग्नता: इतरांशी संवाद साधण्याची मुलाची रीतच वेगळी असते. जास्त भाषा ऐकल्यामुळे तो कुणाला होत नाही. मूल दहा शब्द मराठीत आणि दहा कन्नडमध्ये बोलत असेल तर वीस धरायचे.

(दृश्य: स्वयंपाकघर.)

शब्दांच्या आधी बोट बघा. साधारण दीड वर्षाचं मूल विमान दिसलं की बोट दाखवतं, आणि आपण बघतोय ना, म्हणून वळून आपल्या तोंडाकडे पाहतं. हा मुलगा बोट दाखवत नाही. आईचं मनगट धरतो आणि ओढत माठापाशी नेतो. तहान लागली की म्हणतो, ‘पाणी पाहिजे का?’ आईचं वाक्य, आईच्याच सुरात. कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, पण नावाने हाक मारली तर मान वळत नाही. अशा वेळी आधी कानांची तपासणी होते. ऑटिझम दाखवणारी रक्ततपासणी नाही. मुलाचं वागणं बघून आणि घरच्यांना विचारूनच निदान होतं. नुसता बोलण्यातला उशीर, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता यांतून वेगळं काढावं लागतं, आणि कधी यातलं एखादं सोबतही असतं.

१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं दोष आईच्या ‘थंडपणा’ला दिला गेला. विज्ञानाने तो कधीच मोडीत काढला. आपल्याकडे आईची सुटका अजून व्हायची आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असा आळ घेणारा १९९८ चा लेखही छापणाऱ्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आता एक सल्ला, जो शिकलेली माणसंसुद्धा देतात: ‘घरात मराठी बंद करा, इंग्रजीच बोला.’ जिला इंग्रजी जेमतेम येतं ती आई मग मुलाशी बोलणंच कमी करते. गाणी, लाडीगोडी, रागावणं, सगळंच आटतं. द्विभाषिक घरांतली स्वमग्न मुलं दोन भाषांमुळे मागे पडतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. थेरपिस्ट कन्नड बोलणारे असले तरी घरचा सराव मराठीतच करता येतो. फक्त पहिल्याच दिवशी घरची भाषा सांगावी.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात आणि पुढच्या तपासणीला पाठवतात. वाक् आणि श्रवणासाठी कर्नाटकात म्हैसूरची अखिल भारतीय संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं.

तपासणीला जाताना मोबाईलवर दोन-तीन लहान व्हिडिओ घेऊन जा: हाक मारताना, जेवताना, एकटं खेळताना. दवाखान्यात मूल बुजतं, तिथे यातलं काहीच दिसत नाही.