उजेडात पोचा

(नागपुरात सीताबर्डीच्या एका वाचनालयात डिसेंबरमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. जाहीर केलेला विषय : एकट्याने प्रवास – तिकीट, मुक्काम आणि खर्च)

नमस्कार मंडळी. इतकी छान थंडी पडलेली असताना तुम्ही घरचं पांघरूण सोडून इथे आलात, मला फार बरं वाटलं. पत्रिकेत तीन गोष्टी छापल्या आहेत. तिन्ही सांगणार आहे. पण त्याआधी एक सांगू द्या. गेली वीस वर्षं मी भेटेल त्याला हेच सांगत आले आहे. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तर माझी बॅग दिसली की सगळे माझ्याआधीच म्हणायचे, "उजेडात पोचा, बाई."

तिकीट काढताना आपण आधी काय बघतो? गाडी नागपूरहून किती वाजता सुटते. घरचं जेवण आटपून निघता येईल का, आजच्या दिवसाची रजा वाचेल का. पण निघताना आपण आपल्याच गावात असतो हो! रात्री बारा वाजतासुद्धा आपल्याला ऑटो कुठे मिळतो ते ठाऊक असतं, उशीर झाला तर घरून कुणी सोडायला येतं. अडचण येते ती दुसऱ्या टोकाला. म्हणून आधी पोचण्याची वेळ बघायची. अनोळखी गावात दुपारी तीन-चारच्या आत पाय ठेवायचा आणि बाकीचं सगळं तिथून उलटं मोजत मागे यायचं.

नागपूरच्या माणसाला हे जास्तच लागू आहे. आपण देशाच्या मधोमध राहतो, झिरो माइलच्या खांबाजवळून रोज जातो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या इथे एकमेकांना छेदतात. चारी दिशांना गाड्या आहेत, ही आपली श्रीमंतीच. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळा टोकाच्या मोठ्या शहरांची सोय बघून ठरतात. तिथला माणूस संध्याकाळी कामं उरकून चढावा आणि सकाळी उतरावा. मग मधल्या गावांच्या वाट्याला काय येतं? रात्रीचे दोन, पहाटेचे साडेतीन. अमरकंटकला जायचं तर पेंड्रा रोडला उतरावं लागतं, पचमढीला जायचं तर पिपरियाला. अशा स्टेशनांवर अपरात्री उतरलं की फलाटावर एक कुत्रं, एक चहाची बंद टपरी आणि आपण. तेव्हा पुढची बस सकाळीच आहे, हे आधी कळलेलं बरं.

आता ती लॉजची गोष्ट. काहींनी ऐकली असेल, पण नवी मंडळीही दिसत आहेत.

२००४ सालची दिवाळीची सुट्टी. मी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. गावाचं नाव सांगत नाही, एक तीर्थक्षेत्र आहे एवढं पुरे. गाडी संध्याकाळी पाचला पोचायची, ती चार तास रखडली. स्टँडजवळ पोचले तेव्हा रात्रीचे पावणेदहा. पहिल्या लॉजवाल्याने "फुल्ल आहे" म्हटलं. दुसऱ्याने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, कुणी येतंय का म्हणून, आणि मग तेच म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजर काउंटरवर डबा खात बसला होता. मागे फळीवर किल्ल्या टांगलेल्या, प्रत्येकीला लाकडी पट्टी. मी मोजल्या, अकरा किल्ल्या जागेवर होत्या. म्हणजे खोल्या रिकाम्या होत्या.

"सोबत कोण आहे?"

"मी एकटीच."

त्याने डाव्या हाताने रजिस्टर मिटलं. "एकट्या बाईला देत नाही."

मी चिडले. शाळेचं ओळखपत्र काढून समोर ठेवलं. म्हटलं, मी शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे, यात गैर काय आहे? तो म्हणाला, "एकट्या माणसालाही देत नाही, ताई." मग डब्याचं झाकण लावलं आणि सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी एक जण एकटाच आला होता. दोन दिवसांचे पैसे आगाऊ दिले, हसून बोलला, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही. मग पोलीस, पंचनामा, खोलीला सील. मालक गावाला निघून गेला आणि जबाब द्यायला चकरा मारल्या त्या या मॅनेजरने. "तुम्ही तशा नाही हे दिसतंय मला," तो म्हणाला, "पण तोही तसा वाटला नव्हता."

माझा राग तिथेच उतरला. बॅग उचलली आणि म्हटलं, "बरं, सकाळी सहाची गाडी कोणत्या फलाटाला लागते तेवढं सांगा. मी स्टँडवरच बसते."

त्याने मान वर केली. "सहाला कुठे जायचंय?"

मी वहीचं पान दाखवलं. तीन दिवसांचा बेत लिहिला होता, कोणती बस, कुठे उतरायचं, परत कधी, घरी फोन कुठून करायचा. त्याने ते पान दोन्ही हातांनी धरून वाचलं. कानामागची पेन्सिल काढली, शुक्रवारच्या बसवर काट मारली आणि म्हणाला, "ही शुक्रवारी येत नाही, बाजार असतो. साडेआठची धरा." आणि रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. काउंटरसमोरची दोन नंबरची खोली दिली. "आतून कडी लावा. पण साडेपाचला मी दार वाजवणार." साडेपाचला दार वाजलं. तो चहा घेऊन उभा होता. मी दार उघडल्यावर त्याने जो श्वास सोडला, तो मला अजून ऐकू येतो.

त्याला माझं ओळखपत्र नको होतं. मला उद्या कुठेतरी जायचं आहे, हे त्याला कळायला हवं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही लॉजवर पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाही, उद्याच्या बसचा विचारते. करून बघा. समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर करणार. एकट्या व्यक्तीला खोली देऊ नये असा कायदा नाही. मॅनेजरची भीती मी समजू शकते. पण ज्याच्याकडे ओळखपत्र आहे, पैसे आहेत, त्याला रात्री दहा वाजता रस्त्यावर ठेवणं बरोबर नाही. आणि हे बायांपुरतं नाही. माझा एक माजी विद्यार्थी परीक्षेसाठी परगावी गेला होता. वीस वर्षांचं पोरगं! त्याला तीन लॉजवाल्यांनी परत पाठवलं, रात्र स्टेशनवर काढून तो पेपरला बसला. रात्री दहाला आपण विनंती करतो. दुपारी तीनला आपण चार लॉज बघून एक निवडतो. मालकही त्या वेळी हजर असतो, नोकरावर सगळी जबाबदारी नसते. शिवाय उजेडात खोली दिसते. कडी नीट बसते का, खिडकी कुठे उघडते, समोर लग्नाचा मांडव आणि भोंगे तर नाहीत, नळाला पाणी येतं की बादली आणून देतात.

आपल्या कायद्यालाही हे कळतं बरं का. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९. सोबत पुरुष नसलेली बाई किंवा मूल विनातिकीट सापडलं, तरी त्यांना वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, इथेच. आणि तेही दिवसाच. दिवसा हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. विनातिकीट जा असं मी म्हणत नाही, पण मी पहिल्यांदा ते कलम वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

उजेड म्हणजे घड्याळातले सहा, असं मात्र धरू नका. सगळ्या देशाला एकच वेळ आहे, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. सूर्य काही ती पाळत नाही. याच महिन्यात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, द्वारकेला त्याच दिवशी सहा वाजून गेलेले असतात. आपल्याकडे साडेपाचनंतर. मी अरुणाचलातल्या तवांगला गेले तेव्हा शेअर सुमोवाला म्हणाला, पहाटे साडेपाचला या. मला वाटलं, एवढी काय घाई? पण दुपारी चारला डोंगराची सावली रस्त्यावर उतरली, आणि मग कळलं. सेला खिंडीचा घाट त्यांना अंधार पडायच्या आत ओलांडायचा असतो. आता तिथे बोगदा झाला आहे, २०२४ च्या मार्चपासून, तरी लोक पहाटेच निघतात. अरुणाचलला जाताना इनर लाइन परमिट, म्हणजे तिथे शिरायचा सरकारी परवाना, आधी काढा, हेही जाता जाता...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बापरे. बरं, आता भराभर सांगते, लिहून घ्या.

तिकीट. पाचशे किलोमीटरच्या वरचं तिकीट असेल तर वाटेत उतरता येतं. पहिला थांबा पाचशे किलोमीटर झाल्यावर. हजारपर्यंत एक थांबा, त्यापुढे दोन, आणि उतरायचा-चढायचा दिवस सोडून दोन दिवस राहता येतं. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना हे नाही. पुढच्या टप्प्याचं आरक्षण हवं असेल तर तिकीट काढतानाच सांगायचं, आणि उतरल्यावर तिकिटावर स्टेशनचा शेरा घ्यायचा. रात्री तीनला पोचणारी गाडी टाळायला याचा फार उपयोग होतो, आधीच्या मोठ्या गावी उतरून झोपायचं आणि सकाळी पुढे निघायचं.

दुसरं, चक्राकार तिकीट. नागपूरहून निघून नागपूरलाच परत, गेलेल्या वाटेने न येता. आठ थांबे मिळतात. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांकडे मार्ग लिहून अर्ज द्यायचा, मग आरक्षण टप्प्याटप्प्याने. मी चेन्नई, मदुराई, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, मंगळूर, मडगाव, मुंबई असं केलं. सातही ठिकाणी दिवसाढवळ्या उतरले, परत नागपूरलासुद्धा. आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून. पूर्वी एकशे वीस होते.

मुक्काम. आदल्या दिवशी दुपारी फोन करा, एकटी आहे हे फोनवरच सांगा. नाही म्हणायचं तर तेव्हाच म्हणू दे. मोठ्या स्टेशनांवर विश्रामकक्ष असतात, तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात. क्लोकरूमला बॅग ठेवायची तर तिला कुलूप हवं, पिशवी घेत नाहीत. मदतीचे फोन नंबर : १३९ रेल्वेसाठी, ११२ कुठेही.

खर्च. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. समोरच्या काका, तुम्ही हसलात, म्हणजे तुम्ही पात्र दिसता! 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो, स्टँडवर विचारा. सामान एवढंच घ्या, की ते उचलून स्वतः दोन जिने चढता येतील.

घंटा झाली. एक शेवटचं. येत्या गुरुवारी मी मार्कंडाला जाते आहे, चामोर्शीजवळ. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि काठालाच ती देवळं आहेत. ज्यांनी कधी एकट्याने प्रवास केला नाही आणि पहिल्यांदा करून बघायचा आहे, त्यांनी गणेशपेठच्या स्टँडवर सकाळी सहाला या. गडचिरोलीपर्यंत सोबत जाऊ. तिथून ज्याने त्याने आपापली बस शोधायची, वाटेत बोलायचं नाही. दुपारी दोनला नदीवर भेटू. डबा मी आणते.