ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

ज्येष्ठांसाठी उपदेश असला की बहुतेक वेळा कालेब येतो. यहोशवाच्या १४व्या अध्यायातला, ८५ वर्षांचा. मोशेनं हेरगिरीला पाठवलं तेव्हा अंगात जेवढं बळ होतं तेवढंच आजही आहे, असं तो सांगतो आणि डोंगराळ मुलूख मागून घेतो. ऐकताना हुरूप येतो. मग उपासना संपते, बाकाचा आधार घेऊन उठावं लागतं, आणि मनात शंका येते की कालेबाला जे मिळालं ते आपल्याला का नाही? आपला विश्वास कुठे उणा पडला का?

या शंकेनं अनेकांचं मन पोखरलंय, म्हणून आज मी कालेबाला बाजूला ठेवून बर्जिल्लयाकडे जाणार आहे. गिलादातला हा सधन माणूस. अबशालोमानं बंड केलं, दावीद राजा यार्देनेपलीकडे पळाला, तेव्हा त्याच्या थकल्याभागल्या माणसांना अंथरुणं, भांडी, गहू, जव, मसूर, मध, दही पोचवणाऱ्यांत हा होता. बंड मोडल्यावर राजा म्हणाला, "माझ्याबरोबर यरुशलेमेला चला, मी तुम्हाला सांभाळीन." २ शमुवेल १९ मध्ये बर्जिल्लयाचं उत्तर आहे. मी ८० वर्षांचा झालो. खाल्ल्याप्यायल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, मी महाराजांवर भार कशाला होऊ? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. हा किम्हाम आहे, माझ्याऐवजी याला न्या. (किम्हाम हा बहुधा त्याचा मुलगा.)

किती सरळ बोलला! लाज नाही, रडगाणं नाही. आणि राजा त्याला काय म्हणतो? तुझा विश्वास कमी पडला, असं म्हणत नाही. त्याचं चुंबन घेतो, त्याला आशीर्वाद देतो. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. म्हातारपणी आध्यात्मिक आरोग्य राखायचं म्हणजे कालेबाचं सोंग आणायचं नव्हे. जे गेलं ते गेलं, हे देवासमोर आणि माणसांसमोर खरं बोलता येणं, ही त्या आरोग्याची पहिली खूण.

टीव्हीवर, मोबाइलवर जे दिवसभर ऐकू येतं त्याबद्दल मला इथे स्पष्ट बोलायचंय. विश्वास असेल तर गोळ्या सोडा, अमुक इतकं दान पाठवा, आजार पळेल, असं सांगणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या प्रार्थनेनं शूनेमच्या बाईचं मेलेलं मूल उठलं तो अलीशा स्वतः आजारानं मेला. २ राजे १३ वाचा. पौलानं तीमथ्याच्या पोटदुखीवर त्याला खडसावलं नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणाला. तेव्हा रक्तदाबाची गोळी घ्या आणि मग प्रार्थनेला बसा. त्यात अविश्वास नाही.

आता चव आणि कान. आपली भक्ती आयुष्यभर इंद्रियांच्या आधारानं चालली. पहाटे चष्मा लावून पवित्र शास्त्र वाचायचं, रविवारी चालत मंदिरात जायचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सगळ्यांबरोबर म्हणायचं. एकेक आधार सुटतो तेव्हा भक्तीच सुटली असं वाटतं. तसं नसतं. वाचता येत नसेल तर नातवंडाला रोज एक स्तोत्र वाचायला सांगा; त्याचेही उच्चार सुधारतील. मोबाइलवर मराठी शास्त्र ऐकताही येतं. आणि जे पाठ आहे ते म्हणत राहा, मोठ्यानं म्हणा. स्मरणशक्ती ढासळलेली माणसंसुद्धा लहानपणचं गीत कुणी सुरू केलं की पुष्कळदा पुढच्या ओळी म्हणतात. ज्यांच्या जोडीदाराला आता घरची माणसंही ओळखू येत नाहीत, त्यांनी यशया ४६ मधलं वचन धरून ठेवावं. केस पिकेपर्यंत मी तुम्हाला वागवीन, असं देव म्हणतो. ते वागवणं आपल्या आठवणीवर अवलंबून नाही.

प्रार्थनेत नेहमी आभारच मानले पाहिजेत असंही समजू नका. ७१वं स्तोत्र काढा. उतारवयात मला टाकून देऊ नकोस, शक्ती क्षीण होते तेव्हा मला सोडू नकोस, अशी विनवणी तिथे आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरात दोन माणसं किंवा एकच, संध्याकाळ खायला उठते. हे देवाला सांगायचं नाही तर कुणाला?

बर्जिल्लयानं किम्हामाला पुढे केलं. आपणही शब्बाथ शाळा, महिला मंडळ, वडीलपण कुणाच्या तरी हाती सोपवावं, आणि सोपवल्यावर मागून सूचना देत बसू नये. पण किम्हामच आधी गेला तर? तुमच्यातल्या काहींनी आपल्या हातांनी लेकराला माती दिली आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंचं तसंच झालं. निराधार स्त्रियांसाठीच्या मुक्तिसदनाचं काम लेक मनोरमाबाई पुढे नेतील अशी आशा होती. त्या जुलै १९२१ मध्ये गेल्या. रमाबाईंना तोवर ऐकूही फार कमी येत होतं, शरीर थकलं होतं. त्या दुःखातही त्यांनी मराठी शास्त्राच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचं दुःख भाषांतरानं भरून निघालं असेल असं मला वाटत नाही. पण रोज वचनापाशी बसणं त्यांनी थांबवलं नाही, एवढं दिसतं.

अजून एक गाठ सोडवायची राहते. जमिनीवरून, मंडळीच्या निवडणुकीवरून, लग्नातल्या मानपानावरून आपल्यात वर्षानुवर्षं अबोला आहे. उतारवयात भक्तीला सर्वांत जास्त कीड इथून लागते, असं माझं मत आहे. पौल आणि बर्णबा मार्कावरून भांडून वेगळे झाले होते. तोच पौल शेवटच्या तुरुंगातून तीमथ्याला लिहितो: त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये, आणि मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. थंडीची काळजी आणि जुन्या सहकाऱ्याची आठवण एकाच पत्रात. तुमच्या मार्काचा नंबर मुलाकडून मागून घ्या. त्यानं फोन उचलला नाही तर पुन्हा लावा.

ज्यांना मंदिरात येणं जमत नाही त्यांनी घरी प्रभुभोजन मिळावं म्हणून पाळकांना निरोप पाठवावा. संकोच करू नका, ते मागणं तुमचा हक्क आहे. आणि मागच्या बाकांवर बसलेल्या तरुणांनो, तुमच्या गल्लीत असं कोण आहे हे पाळकांना माहीत नसेल, तुम्हाला असेल. आज निघण्याआधी त्यांची नावं सांगून जा.