खुंटी, घोडी आणि सूत: वाद्यसंग्रहालयात काय जपायचं?

वाद्यसंग्रहालयात गेलं की माझी नजर आधी तंबोऱ्याच्या घोडीवर जाते. भोपळ्यावरची वेलबुट्टी, दांडीवरची नक्षी हे सगळं नंतर. तबलीच्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पाटाच्या, मधोमध बसवलेला, तीन-चार बोटं रुंद असा तो चपटा तुकडा, ज्याच्या पाठीवरून चारही तारा जातात, ती घोडी. पुष्कळदा ती जागेवर नसतेच. कधी असते ती उलटी बसवलेली, कधी दुसऱ्याच वाद्याची. खाली पाटी असते, 'तंबोरा, लाकूड व भोपळा'. मला तिथं उभं राहून फार वाईट वाटतं. कारण त्या तंबोऱ्याचा आवाज त्या घोडीत होता, आणि तीच हरवली.

ज्यांनी तंबोरा लावला आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. घोडीची पाठ सपाट नसते. ती अगदी हलका उतार देऊन घासलेली असते, इतका हलका की डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते नि सुटते, आणि त्या टेकण्यातून आवाजाला भुंग्यासारखी गुंजन येते. हीच जवारी. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. भोपळ्याला कान लावून धागा केसभर पुढं, केसभर मागं करत राहायचं. एका जागी तो आला की तार एकदम उमलते. खर्जाच्या तारेतून तर गंधार ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नाही. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच.

तार रोज घासून घोडीवर खाच पाडते आणि जवारी बिघडते. ती पुन्हा काढायला कारागीर लागतो. हे काम लिहून शिकवता येत नाही, कान आणि कानस एकत्र चालावी लागते. मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून तिची परंपरा सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे हे हात वाद्यांकडे वळले, संस्थानिकांनी आधार दिला, गवयांची ये-जा वाढली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे कडू भोपळे आणि तुणीचं लाकूड यांतून तिथले तंबोरे आणि सतारी घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मानांकन वाद्याला मिळतं, जवारी काढणाऱ्याचा हात मात्र एका माणसाबरोबर जातो. संग्रहालयानं जपायचं ते इथं आहे, असं माझं म्हणणं आहे.

मला नेहमी विचारतात, मग जुनी वाद्यं वाजवावीत का? माझं उत्तर, नाही. शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाळलेल्या भोपळ्यावर तारांचा पूर्ण ताण दिला की गळ्याचा सांधा उघडतो, तबली खचते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यात हा ताण. एका संध्याकाळच्या मैफिलीसाठी हा धोका पत्करू नये. नवं पॉलिशही करू नये. दांडीवर जिथं अंगठा टेकत आला, तिथली झिजलेली जागा हा त्या वाद्याचा इतिहासच आहे, चपड्यानं तो पुसला जातो. वाजवायचंच असेल तर त्याची मापं घेऊन कारागिराकडून जोडवाद्य करून घ्यावं, आणि ते घडत असताना ठोकण्या-घासण्याचा आवाज, कारागिराचं बोलणं, सगळं ध्वनिमुद्रित करावं.

वाद्यांची मांडणी कशी करायची यावरही थोडं बोलतो. तत म्हणजे तारांची, सुषिर म्हणजे फुंकीची, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेली, घन म्हणजे एकमेकांवर आपटून वाजणारी वाद्यं, ही नाट्यशास्त्रकार भरताची विभागणी. देवगिरीला, यादवांच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातला एक अख्खा अध्याय वाद्यांचा आहे. पुढं १८७६ मध्ये कलकत्त्याचे संगीतज्ञ शौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यं भेट दिली. ब्रुसेल्सच्या संग्रहालयाचे व्हिक्टर माहियों यांनी आपला संग्रह लावताना हीच चौकट घेतली, आणि १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या संगीत-अभ्यासकांनी तिच्यावरच आपली वाद्यवर्गीकरणाची पद्धत उभी केली. आज जगभर ती वापरतात. तरी आपलं चौंडकं या चौकटीत नीट बसत नाही! तार आहे, तिला ताण देणारं कातडंही आहे. ते ततात की अवनद्धात, यावर अभ्यासक अजून भांडतात. यल्लम्माच्या जोगत्याला हा प्रश्न कधी पडला नसेल. म्हणून चौंडक्याच्या पाटीवर आधी जोगत्याचं नाव आणि गाणं यावं, वर्ग नंतर. संबळाबरोबर गोंधळ यावा.

पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या राजा या गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तूंत वाद्यंही आहेत. एका माणसानं घरोघर जाऊन, पदरमोड करून हे जमवलं, हे आठवलं की मला आपल्या घरांतल्या माळ्यांची आठवण होते. तिथं अजूनही गवसणीत गुंडाळलेले तंबोरे आहेत.

तुमच्या घरात असा एखादा असेल आणि तो संग्रहालयाला द्यायचा असेल, तर आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. कोण वाजवत होतं, कोणत्या स्वरात लावत होतं, कुठं दुरुस्त केला, कुणी केला, एवढं एका कागदावर लिहा. तुटक्या खुंट्या आणि तारेत ओवलेले, सूर बारीक जुळवायचे मणी फेकू नका. आणि एखाद्या डब्यात जुनी, उतरवून ठेवलेली घोडी सापडली, तर ती आवर्जून सोबत द्या. तिच्यावरच्या चार खाचा पाहून जाणता कारागीर सांगतो, तार किती जाड होती आणि ती नेमकी कुठं टेकत होती.