प्रतिवादी : जहाज

बंदरात एक मालवाहू जहाज उभं आहे. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याच देशाचा, भाड्याने घेणारी कंपनी तिसरीकडची. खलाशांचा पगार थकलाय. इंधन पुरवणाऱ्याचं बिलही थकलंय. उद्या नांगर उचलला, तर या माणसांनी दाद मागायची कुणाकडे?

ॲडमिरल्टी कायदा, म्हणजे जहाजांच्या दाव्यांचा कायदा, म्हणतो, मालकाला शोधत बसू नका, जहाजावरच दावा लावा. मग दाव्यात प्रतिवादी म्हणून चक्क जहाजाचं नाव येतं आणि उच्च न्यायालय त्याच्या अटकेचा हुकूम काढू शकतं. मुंबईत तो बजावण्याचं काम शेरीफच्या कचेरीचं. मालकाने पुरेसं तारण भरलं की जहाज सुटतं. बहुतेक मालक ते भरतातच, कारण उभं जहाज रोज पैसे खातं.

आपल्याकडे हा अधिकार कितीतरी वर्षं १८४०, १८६१ आणि १८९० च्या ब्रिटिश कायद्यांवर रेटला गेला. १९८४ साली 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज मुरगावहून माल घेऊन गेलं आणि पुढे त्या मालाच्या दाव्यात विशाखापट्टणमला अडकलं. मालकांचा बचाव असा, की जुना कायदा देशात येणाऱ्या मालापुरता आहे, बाहेर जाणाऱ्या मालाबद्दल त्यात अक्षर नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. उच्च न्यायालयांचे अधिकार इंग्लंडच्या जुन्या कायद्यात गोठलेले नाहीत, असं ठणकावलं. तरीही संसदेचा स्वतंत्र कायदा यायला २०१७ उजाडलं. १ एप्रिल २०१८ पासून तो लागू आहे. न्यायालयाची हद्द प्रादेशिक समुद्रापर्यंत, म्हणजे १२ सागरी मैल.

पण जहाज कशाला म्हणायचं? शिडाचं गलबत, बार्ज, हॉवरक्राफ्ट, समुद्रातली फिरती तेलविहीर, एवढंच काय, बुडालेल्या जहाजाचे अवशेषसुद्धा व्याख्येत बसतात. भंगारात तोडायला घेतलेलं जहाज पुन्हा पाण्यात चालवण्यासारखं उरलेलं नाही, असा सर्वेक्षकाने दाखला दिला की मगच ते 'जहाज' राहत नाही. युद्धनौकेला मात्र हा कायदा हात लावत नाही.

तारण आलंच नाही, तर लिलाव. खरी झुंबड उडते ती त्या पैशांवर. कायद्याने पहिला मान दिलाय खलाशांना : पगार आणि घरी परतायचा खर्चही. त्यामागे मृत्यू वा इजेची भरपाई, मग संकटातलं जहाज वाचवणारे, मग बंदराची देणी, मग जहाजाच्या धडकेने झालेलं नुकसान. हे बोजे मालक किंवा झेंडा बदलला तरी जहाजाला चिकटून राहतात. एरवी एक वर्ष, पगाराचा मात्र दोन वर्षं.

जहाज गहाण ठेवून घेणारी बँक या सगळ्यांच्या मागे उभी असते. आणि इंधनवाला? त्याला जहाज अडकवता येतं, पण पैसे वाटताना त्याचा नंबर बँकेच्याही नंतर लागतो.